पॅकार्ड का बुडाली?

१९२०च्या दशकात अमेरिकेत महागडी मोटार घ्यायची म्हटलं की पहिलं नाव पॅकार्डचं निघे, मग कॅडिलॅकचं. १९५८च्या जुलै महिन्यात शेवटची पॅकार्ड बनली ती इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावी, स्टुडबेकर या दुसऱ्या मोटार कंपनीच्या कारखान्यात, स्टुडबेकरच्याच बॉडीवर. पॅकार्डचं इंजिन त्या गाडीत नव्हतं, गिअरपेटी नव्हती, बॉडी नव्हती. होतं ते नाव आणि थोडी वरवरची सजावट.

हे असं का झालं, याचं एक ठरीव उत्तर आहे. मंदीत घाबरून कंपनीने स्वस्त गाडी काढली, श्रीमंत गिऱ्हाईक तुटलं, नाव बाटलं आणि पुढचं सगळं ओघाने आलं. मोटारींच्या इतिहासात रमणारी माणसं हे उत्तर अगदी सहज देतात. मला ते पटत नाही. स्वस्त गाडीमुळेच पॅकार्ड आणखी वीस वर्षं जगली. घात झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सहा-सात वर्षांत, तिजोरीत पैसा असताना. आणि त्याचं बी पेरलं गेलं होतं १९४०-४१ला, बॉडी बाहेरून बनवून घ्यायचं ठरलं तेव्हा. हे प्रकरण त्या बाजूने मांडायचा प्रयत्न करतो.

विंटनचं उत्तर

ओहायो राज्यातलं वॉरन हे छोटं गाव. तिथे विल्यम डाउड आणि जेम्स वॉर्ड या पॅकार्ड बंधूंची विजेचे दिवे, तारा, ट्रान्सफॉर्मर बनवणारी कंपनी होती, १८९० सालची. धाकटा जेम्स लीहाय विद्यापीठात शिकलेला यंत्र-अभियंता. १८९८मध्ये त्याने क्लीव्हलंडच्या अलेक्झांडर विंटनकडून एक मोटार घेतली. घरी आणताना वाटेतच ती बंद पडली आणि घोडे जुंपून ओढून आणावी लागली, असं सांगतात. पुढेही कुरबुरी चालूच राहिल्या. जेम्सने विंटनकडे जाऊन काय काय सुधारायला हवं ते सांगितलं. विंटन स्वतः कसबी माणूस, स्कॉटलंडहून आलेला, स्वभावाने तापट. तो म्हणाला, एवढं कळतंय तर स्वतःच बनवून दाखवा.

जेम्सने ते मनावर घेतलं. विंटनच्याच कंपनीतले जॉर्ज वाइस आणि विल्यम हॅचर त्याने आपल्याकडे ओढले आणि ६ नोव्हेंबर १८९९ रोजी वॉरनच्या रस्त्यावर पहिली पॅकार्ड धावली. एक सिलिंडर, साखळीने फिरणारी चाकं, दिसायला घोडा नसलेली बग्गी. अमेरिकेत त्या काळी शेकडो माणसं असे उद्योग करत होती आणि बहुतेक दोन-चार वर्षांत गुंडाळत होती. पॅकार्ड बंधूंचं वेगळेपण एवढंच की तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकाने बनवलेली ती गाडी होती, आणि ती चालत होती. माहितीपत्रक मागणाऱ्या एका पत्रावर जेम्सने सांगितलेलं उत्तर पुढे पन्नासहून अधिक वर्षं कंपनीचं घोषवाक्य राहिलं: ज्याच्याकडे आहे त्याला विचारा.

१९०३ साली सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क असा अख्खा खंड मोटारीने पार करण्याची चढाओढ लागली, तेव्हा पहिला मान मिळाला विंटनच्या गाडीला. थोड्याच दिवसांत टॉम फेच एक सिलिंडरची पॅकार्ड घेऊन न्यूयॉर्कला पोचला, ६१ दिवसांत, म्हणजे विंटनपेक्षा कमी वेळात. पुढे १९२४मध्ये विंटनने मोटारी बनवणं बंद केलं, तेव्हा पॅकार्ड भरात होती.

डेट्रॉइटची भरभराट

न्यूयॉर्कमध्ये आगीच्या बंबाच्या मागे धावणाऱ्या दोन पॅकार्ड पाहून हेन्री बी. जॉय हा डेट्रॉइटचा श्रीमंत तरुण भारावून गेला, अशी गोष्ट आहे. गोष्ट राहू दे. त्याने आपले मेहुणे ट्रुमन न्यूबेरी आणि इतर धनिक मित्र गोळा करून कंपनीत पैसा ओतला. १९०२मध्ये कंपनीचं नाव पॅकार्ड मोटर कार कंपनी झालं आणि १९०३मध्ये ती डेट्रॉइटला गेली. ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचा कारखाना अल्बर्ट कान या वास्तुविशारदाने उभारला. त्यातली १९०५ची दहा नंबरची इमारत सळई घातलेल्या काँक्रीटची. आधीच्या गिरण्यांत लाकडी खांबांची दाटी असे आणि आगीची धास्तीही. काँक्रीटमुळे दोन खांबांमधलं अंतर वाढलं आणि मोठ्या खिडक्यांतून भरपूर उजेड आला. मोटारींच्या कारखान्यांना पुढे हेच वळण लागलं.

१९१६मध्ये अध्यक्ष झालेला अल्व्हन मॅकॉली हा मूळचा पेटंटचा वकील, बेरजेची यंत्रं बनवणाऱ्या बरोज कंपनीतून आलेला. मुख्य अभियंता जेसी व्हिन्सेंटही बरोजमधलाच. या जोडीने १९१५मध्ये बारा सिलिंडरची ट्विन सिक्स बाजारात आणली. आठ वर्षांत अशा सुमारे ३५ हजार गाड्या गेल्या. त्या काळी बारा सिलिंडर हे बहुतेकांना विमानाचंच प्रकरण वाटे. एन्झो फेरारीने पुढे बारा सिलिंडरचा ध्यास घेतला त्यामागे पहिल्या महायुद्धानंतर पाहिलेल्या पॅकार्ड होत्या, हे त्यानेच सांगून ठेवलंय. मार्च १९२१मध्ये वॉरन हार्डिंग शपथविधीला मोटारीतून गेले. असं करणारे ते पहिले अमेरिकी अध्यक्ष, आणि ती मोटार ट्विन सिक्स होती.

१९१७मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा विमानांसाठी लिबर्टी इंजिनाचा आराखडा व्हिन्सेंट आणि हॉल-स्कॉट कंपनीचा एल्बर्ट हॉल यांनी वॉशिंग्टनच्या विलर्ड हॉटेलात आठवड्याच्या आत काढला. हे मुद्दाम सांगतोय, कारण पॅकार्डचं खरं बळ इथे होतं. यंत्र कसं बनवायचं, अचूक कसं बनवायचं, हे या कंपनीला देशात कुणाहूनही चांगलं कळत होतं.

१९२८ साली पॅकार्डने ५० हजारांच्या आसपास गाड्या विकल्या. एवढ्या महाग गाडीसाठी हा आकडा प्रचंड होता.

१२० : बदनाम झालेली गाडी

१९२९नंतर महागड्या गाड्यांचा बाजार कोसळला. पिअर्स-अ‍ॅरो, मार्मन, पीअरलेस, फ्रँकलिन, ड्युसेनबर्ग ही तालेवार नावं १९३०च्या दशकात एकामागून एक मिटली. पॅकार्डने १९३२मध्ये लाइट एट काढून पाहिली, किंमत १,७५० डॉलर. पण ती जुन्याच पद्धतीने, जुन्याच खर्चात बनत होती. सुटणार काय?

मग मॅकॉलीने स्वाभिमान बाजूला ठेवून जनरल मोटर्समधली माणसं आणली. मोठ्या संख्येने स्वस्तात गाडी कशी बनवायची हे ज्याला कळत होतं तो जॉर्ज क्रिस्टोफर त्यातलाच. जानेवारी १९३५मध्ये पॅकार्ड १२० आली. आठ सिलिंडर, पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, हायड्रॉलिक ब्रेक आणि किंमत ९८० डॉलरपासून. पहिल्याच मोसमात २५ हजारांच्या घरात गाड्या गेल्या, दुसऱ्यात ५५ हजार. १९३७मध्ये त्याखाली सहा सिलिंडरची आणखी स्वस्त गाडी आली आणि त्या मोसमात एकूण आकडा १ लाख २२ हजारांवर गेला. कंपनीच्या आयुष्यातला तो सर्वोच्च.

टीकाकार म्हणतात, इथेच नाव बाटलं. कॅडिलॅकने आपली स्वस्त गाडी ला साल या वेगळ्या नावाने विकली. पॅकार्डने मात्र तीच पुढची जाळी, तीच लाल षटकोनी खूण, तेच नाव शेजारच्या दुकानदाराच्या हातात दिलं. मुद्दा खोटा नाही. पण दोन गोष्टी विसरल्या जातात. वर नावं घेतलेल्या कंपन्यांनी नाव जपलं आणि त्या मेल्या. आणि खाली उतरली ती एकटी पॅकार्ड नव्हे. १९४०नंतर कॅडिलॅकने ला साल बंद केली आणि १९४१ला खुद्द कॅडिलॅक नावाची गाडी साडेतेराशे डॉलरच्या आसपास विकायला काढली. म्हणजे युद्धाच्या तोंडाशी दोघी एकाच पायरीवर होत्या. फरक पडला तो युद्धानंतर कोण पुन्हा वर चढलं यात.

या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. १९४० मॉडेलच्या पॅकार्डमध्ये वातानुकूलन मिळू लागलं, विक्रीच्या मोटारीत पहिल्यांदाच. थंड करणारी जाळी मागे सामानाच्या डिकीत, थंड हवा मागच्या सीटच्या पाठीमागून पुढे येणार. कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. हिवाळ्यात ते बंद करायचं तर बॉनेट उघडून पट्टाच काढून ठेवायचा. दोन-तीन वर्षांत तो प्रकार बंद झाला. दूरचं दिसायचं, पण ते रोजच्या वापरात बसवण्यात कंपनी कमी पडायची. १९५५मध्ये हेच पुन्हा घडणार होतं.

आणि याच सुमारास तो निर्णय झाला. एप्रिल १९४१मध्ये आलेली क्लिपर दिसायला अप्रतिम होती, रुंद, बुटकी, कडेला पायरी नाही. तिची बॉडी बनवायचं काम ब्रिग्ज या डेट्रॉइटच्या मोठ्या बॉडी कारखान्याला दिलं गेलं. तोवर पॅकार्ड आपल्या नेहमीच्या बॉड्या स्वतःच बनवत होती. ब्रिग्जचा दर परवडणारा वाटला. मोटारीत सगळ्यात जास्त भांडवल खातं ते बॉडीचं काम: पत्रा दाबायचे अजस्र प्रेस, त्यांचे साचे, वेल्डिंग, रंग. ते डोक्यावरून उतरलं याचा कंपनीला आनंद झाला असणार. ब्रिग्जचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं क्रायस्लर, म्हणजे प्रतिस्पर्धी. त्याचा परिणाम दिसायला बारा वर्षं जावी लागली.

युद्ध

१९४०मध्ये ब्रिटनला रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन अमेरिकेत बनवून हवं होतं. हेन्री फोर्डने ब्रिटनसाठी काम करायला नकार दिला. पॅकार्डने सप्टेंबरमध्ये करार केला, सगळे आराखडे अमेरिकी पद्धतीने नव्याने काढले, पण स्क्रूंचे आटे ब्रिटिशच ठेवले, म्हणजे पॅकार्डचं इंजिन आणि इंग्लंडमधल्या डार्बीच्या रोल्स-रॉइस कारखान्यातलं इंजिन यांचे सुटे भाग एकमेकांत बसावेत. त्यासाठी आटे पाडायची हत्यारंही स्वतःच बनवली. युद्ध संपेपर्यंत ५५ हजारांहून अधिक मर्लिन या कारखान्यातून बाहेर पडली. मस्टँग विमानाला लांब पल्ला आणि उंची मिळाली ती याच इंजिनामुळे. अमेरिकी नौदलाच्या पीटी बोटींतही, म्हणजे टॉर्पेडो सोडणाऱ्या छोट्या वेगवान बोटींतही, पॅकार्डचीच इंजिनं होती.

कारखान्याच्या आत सगळं एवढं उजळ नव्हतं. जून १९४३मध्ये तीन काळ्या कामगारांना बढती देऊन इंजिनांच्या जुळणीवर आणलं, तेव्हा सुमारे २५ हजार गोरे कामगार काम सोडून बाहेर पडले. युनियनच्या वरिष्ठांनी संपाला विरोध केला, तरी काही दिवस काम बंद राहिलं. त्याच महिन्यात पुढे डेट्रॉइटमध्ये मोठी वांशिक दंगल झाली. पॅकार्डच्या वैभवाबद्दल लिहिताना हे पान बरेचदा उलटून टाकतात. त्या कारखान्यात कोण काम करत होतं आणि कुणाला कुठे उभं राहू दिलं जात होतं, हाही तिच्या इतिहासाचाच भाग आहे.

१९४५ ते १९५१ : पैसा होता, गाडी नव्हती

युद्ध संपलं तेव्हा पॅकार्डवर कर्ज नव्हतं आणि हाताशी रोकड होती. लोकांनी जवळजवळ चार वर्षं नवी मोटार पाहिली नव्हती. चार चाकांवर काहीही ठेवलं तरी ते विकलं जात होतं. अडचण होती पत्र्याची. पोलाद रेशनवर असल्यासारखं मिळे, संप सारखे होत, आणि छोट्या गिऱ्हाइकाला पोलाद कारखाने शेवटी विचारत.

आता विचार करा. पत्रा कमी मिळतोय, म्हणजे गाड्या कमीच बनणार. मग ज्या बनतील त्या महाग बनवाव्यात, म्हणजे प्रत्येक गाडीवर जास्त सुटेल आणि गेलेला मान परत येईल. कॅडिलॅकने साधारण हेच केलं. पॅकार्डचा अध्यक्ष तेव्हा क्रिस्टोफर होता, १२० यशस्वी करणारा. त्याला वर्षाला दोन लाख गाड्यांचं स्वप्न होतं. त्याने मिळालेला पत्रा स्वस्त क्लिपरमध्ये घातला. सहा सिलिंडरच्या पॅकार्ड टॅक्सी म्हणून विकल्या. ज्या गाडीत बँकेचा अध्यक्ष बसायचा तिचंच नाव भाड्याच्या गाडीवर. १९३५मध्ये हे करणं ही नड होती. १९४६मध्ये ती निवड होती. मी क्रिस्टोफरला वाईट म्हणणार नाही. ज्या युक्तीने कंपनी एकदा वाचवली, तीच युक्ती तो पुन्हा वापरत होता. पण बाजार बदलला होता आणि ते त्याला कुणी सांगितलं नाही, किंवा त्याने ऐकलं नाही.

दुसरी चूक बॉडीची. १९४८साठी नवी गाडी हवी होती. संपूर्ण नवी बॉडी करण्याऐवजी क्लिपरच्याच बॉडीवर कडेने पत्रे चढवले. पुढचे-मागचे मडगार्ड आणि दारं एका फुगीर रेषेत आली, वजन वाढलं, आणि १९४१ची डौलदार गाडी फुगून बसली. लोकांनी तिला गाभण हत्तीण म्हणायला सुरुवात केली. पत्रा चढवण्याच्या या कामाला नव्या बॉडीच्या निम्म्याहून जास्त खर्च आला असेल तर मला नवल वाटणार नाही, कारण साचे तर नवे करावेच लागले. शिवाय सगळ्यात महाग कस्टम एट आणि सगळ्यात स्वस्त एट यांत लांबून फरक कळेना. ज्याने दुप्पट पैसे मोजले त्याला शेजाऱ्याने ओळखायला नको का?

त्याच १९४८मध्ये कॅडिलॅकच्या मागच्या दिव्यांवर शेपटीसारखे पंख आले. १९४९मध्ये कॅडिलॅकने नवं व्ही-८ इंजिन आणलं, चार-चार सिलिंडरच्या दोन तिरप्या रांगा, झडपा वर, हलकं, आखूड, पुढे वर्षानुवर्षं वाढवता येईल असं. पॅकार्डकडे होतं सरळ रांगेतलं आठ सिलिंडरचं इंजिन. त्यातलं मोठं, नऊ बेअरिंगांवर फिरणारं, तर इतकं मऊ चालायचं की उभ्या गाडीत ते चालू आहे की बंद हे विचारावं लागे. पण लांबलचक इंजिनामुळे बॉनेट लांब ठेवावं लागे, आणि त्या रचनेत ताकद वाढवायला जागा उरली नव्हती. मर्लिन बनवणाऱ्या कंपनीला व्ही आकाराचं इंजिन अवघड होतं असं कोण म्हणेल? अभियंते होते, यंत्रं होती. पैसा मात्र गेला अल्ट्रामॅटिकवर, १९४९च्या स्वयंचलित गिअरपेटीवर. जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या मोठ्या तीन घराण्यांबाहेर अशी गिअरपेटी स्वबळावर बनवणारी पॅकार्ड ही एकटीच. अभियंत्यांसाठी ती अभिमानाची गोष्ट होती. पण ती गिअरपेटी जुन्या इंजिनामागे जोडली होती.

१९४९ साली पॅकार्डने पन्नाशी साजरी केली, सोनेरी रंगाच्या गाड्या वितरकांकडे धाडल्या, वर्षाला लाखाहून जास्त गाड्या बनवल्या. आकड्यांवरून सगळं छान दिसत होतं. ऑक्टोबरमध्ये क्रिस्टोफरला जावं लागलं. पुढच्या, १९५०च्या मोसमात पॅकार्ड साडेबेचाळीस हजारांवर घसरली. त्याच मोसमात कॅडिलॅकने इतिहासात पहिल्यांदा लाखाचा टप्पा ओलांडला. माझ्या दृष्टीने प्रकरणाचा निकाल इथे लागला. १९५१ला जॉन राइनहार्टने आखलेली खरोखरच नवी, नीटस बॉडी आली, पण तीही ब्रिग्जकडूनच, आणि तिच्या आत तेच जुनं इंजिन.

ब्रिग्ज

मे १९५२मध्ये जेम्स नॅन्स अध्यक्ष झाला. हॉटपॉइंट या घरगुती उपकरणांच्या कंपनीत त्याने विक्रीची धडाडी दाखवली होती. त्याला रोग बरोबर कळला: स्वस्त गाड्या क्लिपर या वेगळ्या नावाखाली न्यायच्या, पॅकार्ड नाव वर ठेवायचं, व्ही-८ तातडीने करायचं. हे सहा वर्षं आधी व्हायला हवं होतं. १९५३चा मोसम बरा गेला, सुमारे ९० हजार गाड्या.

मग एकामागून एक फटके बसले. फोर्ड आणि शेवरले यांच्यात अव्वल स्थानासाठी जुंपली आणि दोघांनी वितरकांच्या गळ्यात गाड्या मारायला सुरुवात केली. सवलतींच्या त्या मारामारीत छोट्या कंपन्या चिरडल्या गेल्या. वॉशिंग्टनमध्ये संरक्षण खात्याने कंत्राटं थोड्या मोठ्या कंपन्यांकडे एकवटली, पॅकार्डचं जेट इंजिनाचं काम गेलं. संरक्षणमंत्री होते चार्ल्स विल्सन, जनरल मोटर्सचे माजी अध्यक्ष.

आणि ब्रिग्ज. मालक वॉल्टर ब्रिग्ज १९५२च्या सुरुवातीला वारला. डिसेंबर १९५३मध्ये वारसांनी अमेरिकेतला बॉडीचा धंदा क्रायस्लरला विकला. क्रायस्लरने पॅकार्डला सांगितलं, १९५४ मॉडेलपर्यंत बॉड्या देऊ, पुढचं तुमचं तुम्ही पाहा. व्ही-८च्या वर्षातच कंपनीला बॉडी बनवायला नव्याने शिकावं लागणार होतं.

जागेची वानवा नव्हती. ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डचा पसारा सुमारे ३५ लाख चौरस फूट, तिथे पूर्वी बॉड्या बनतच होत्या. पण तो अनेक मजली आणि जुना, म्हणून नॅन्सच्या माणसांना एकमजली आधुनिक कारखाना हवा होता. त्यांनी कॉनर अ‍ॅव्हेन्यूवरचा ब्रिग्जचा जुना कारखाना क्रायस्लरकडूनच भाड्याने घेतला आणि बॉडीबरोबर गाडीची अंतिम जुळणीही तिथे हलवली. जागा फारच अपुरी होती. गाड्या हळू निघत आणि ज्या निघत त्यांत दारं नीट बसत नसत, पाणी झिरपे, राहिलेल्या चुका दुरुस्त करायला गाड्या बाजूला काढाव्या लागत. आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

मनाला लागतं ते हे, की १९५५ची गाडी मुळात अफाट होती. तिचं टॉर्शन-लेव्हल सस्पेन्शन विल्यम अ‍ॅलिसनने आखलेलं. गाडीच्या लांबीभर पोलादी दांडे, प्रत्येक बाजूचं पुढचं आणि मागचं चाक एकाच दांड्याच्या दोन टोकांना. पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की दांड्याला पीळ बसे आणि तो पीळ त्याच बाजूच्या मागच्या चाकावरही लागे. धक्का एका कोपऱ्यात न आदळता गाडीच्या लांबीभर वाटला जाई. मागे माणसं बसली, सामान भरलं की एक छोटी विजेची मोटर गाडी पुन्हा समतल करी. ती लगेच चालू होत नसे, सुमारे सात सेकंद थांबे; नाहीतर प्रत्येक खड्ड्याला तिची धडपड सुरू झाली असती. त्या सात सेकंदांत मला जेम्स पॅकार्डची कंपनी दिसते.

पण बॉनेटखाली नव्या व्ही-८मध्ये तेलाच्या पंपालाच वायपरसाठीचा निर्वात पंप जोडला होता. त्यातून हवा तेलात शिरे आणि झडपांचे लिफ्टर खडखडू लागत. जास्त ताकदीच्या इंजिनाला तोंड देताना अल्ट्रामॅटिक दमून जाई. १९५६मध्ये काही गाड्यांचे मागचे आसच सदोष निघाले. चार हजार डॉलरच्या आसपास मोजणाऱ्या गिऱ्हाइकाने हे किती दिवस सोसावं? ज्याच्याकडे आहे त्याला विचारा, या वाक्यावर अर्धं शतक तगलेल्या कंपनीला हे परवडण्यासारखं नव्हतं. १९५५मध्ये पॅकार्ड आणि क्लिपर मिळून ५५ हजार गाड्या गेल्या होत्या. १९५६मध्ये २९ हजारही भरल्या नाहीत.

स्टुडबेकर

नॅश कंपनीचा जॉर्ज मेसन बरीच वर्षं सांगत होता की छोट्यांनी एकत्र यावं: नॅश, हडसन, स्टुडबेकर, पॅकार्ड. १९५४मध्ये नॅश आणि हडसन मिळून अमेरिकन मोटर्स झाली. १ ऑक्टोबर १९५४ला पॅकार्डने स्टुडबेकर घेतली. पुढची पायरी या दोन जोड्यांच्या विलीनीकरणाची असणार, असा अनेकांचा समज होता. आठवडाभरातच मेसन वारला. त्याच्या जागी आलेल्या जॉर्ज रॉम्नीला या लग्नात रस नव्हता.

पॅकार्डच्या हाती उरली स्टुडबेकर. १८५२ला घोडागाड्यांपासून सुरू झालेली, वयाने पॅकार्डहून मोठी, आणि आतून पोखरलेली. साउथ बेंडचे मजुरीचे दर या धंद्यातले सर्वांत चढे, काम सर्वांत संथ. व्यवहार झाल्यावर हिशेब नीट तपासले तेव्हा कळलं की ना नफा ना तोटा या रेषेला यायला स्टुडबेकरला वर्षाला २ लाख ८२ हजार गाड्या विकाव्या लागतील. १९५४मध्ये तिने बनवल्या होत्या ८२ हजार. मुलगी पाहायला गेल्यावर चार घरी चौकशी करतात, तेवढीही इथे झाली नव्हती. एवढी तफावत आधी कुणाला दिसली कशी नाही, याचं समाधानकारक उत्तर मला सापडत नाही. ते बहुधा घाईत असावं. मोठं व्हायचं, लवकर व्हायचं, ही त्या वर्षाची हवा होती.

१९५७साठी पूर्ण नव्या गाड्यांची आखणी तयार होती. तिची चाहूल देणारी प्रेडिक्टर ही प्रदर्शनी गाडी १९५६च्या सुरुवातीला शिकागोत मांडली गेली. साच्यांसाठी पैसा हवा होता. विमा कंपन्यांनी कर्ज नाकारलं. २५ जून १९५६ला डेट्रॉइटमधली शेवटची पॅकार्ड बाहेर पडली. ऑगस्टमध्ये विमान इंजिनं बनवणाऱ्या कर्टिस-राइटकडे कारभार गेला, नॅन्स फोर्डकडे गेला. त्यानंतरची दोन वर्षं साउथ बेंडमध्ये स्टुडबेकरवर पॅकार्डची सजावट चढवून विकली: १९५७मध्ये ४,८०९, १९५८मध्ये २,६२२. १९६२ला कंपनीच्या नावातूनही पॅकार्ड शब्द काढला.

दुसरा रस्ता होता का?

काही अभ्यासक म्हणतात, नव्हता. १९५०च्या दशकात नव्या बॉडीच्या साच्यांचा खर्च इतका वाढला की जनरल मोटर्ससारखा एकच साचा बुइक, ओल्ड्समोबील आणि कॅडिलॅकमध्ये वाटून घेता आला तरच तो झेपायचा. पॅकार्ड कितीही शहाणी असती तरी एकटी टिकली नसती. हे मला मान्य आहे. पण एकटीने टिकणं आणि बुडणं या दोनच वाटा नव्हत्या.

१९४६ला क्रिस्टोफरने महाग गाड्यांवर भर दिला असता आणि त्या पैशातून बॉडीचं काम पुन्हा घरात आणलं असतं, १९५०च्या आत व्ही-८ केलं असतं, तर १९५४मध्ये मेसनसमोर पॅकार्ड वेगळ्या ताकदीने बसली असती. अमेरिकन मोटर्सला तेव्हा व्ही-८ची गरज होतीच. १९५५ला नॅश आणि हडसनमध्ये पॅकार्डचंच व्ही-८ आणि अल्ट्रामॅटिक बसवलं गेलं, स्वतःचं तयार होईपर्यंत. वरच्या थराची गाडी अमेरिकन मोटर्सकडे नव्हती. ती पॅकार्डकडे होती. अमेरिकन मोटर्स रॅम्बलर या छोट्या गाडीच्या जोरावर सावरली, पुढे जीपही तिने घेतली, आणि १९८७मध्ये क्रायस्लरने विकत घेईपर्यंत ती चालू होती. स्टुडबेकरने साउथ बेंडचा कारखाना १९६३च्या डिसेंबरात बंद केला आणि कॅनडातला १९६६च्या मार्चमध्ये.